पाणी उतरत नाही

टाकी तीन फुटी.
पगारेने दुकानातच पावतीच्या मागे हिशोब मांडून दिला:
पाणी दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो,
काच पंचवीस, वाळू-दगड पंचवीस.
"दोनशे धरून चाला साहेब," तो म्हणाला,
"मासे त्यात फुकट."

घरी टीव्हीखालचं कपाट होतं,
भुशाच्या पाट्यांचं, वरून सागवानाचा कागद.
मागे एकदा त्यावर तांब्या लवंडला
तर कोपरा पावासारखा फुगला, अजून तसाच आहे.
जेवणाचं टेबल तिकडे राहिलं, गंगापूर रोडला,
चारी खुर्च्यांसकट.
ते भक्कम होतं.
ते मागणं बरं दिसलं नसतं.

रविवारी भद्रकालीत गेलो.
लतीफभाई प्रत्येक टेबलावर थाप मारत होते,
ओळखीच्या माणसाच्या पाठीवर मारावी तशी.
"चार माणसं उभी करा यावर. हलणार नाही."
मी म्हणालो, माणसं उतरतात, लतीफभाई.
पंखा पुसतात, जळमटं काढतात, उतरतात.
गोदेचं पाणीसुद्धा दुतोंड्याच्या छातीला लागतं
आणि चार दिवसांत उतरतं,
पायऱ्यांवर गाळ ठेवून.
हे उतरणार नाही.
रात्री दोनला, मी झोपेत असताना,
कुलूप घालून मी अंबडला ड्यूटीवर असताना,
हे उभंच असणार.

ते जरा गप्प झाले. मग विचारलं,
"घरी कोण कोण?"
मी. आणि शनिवार-रविवार मुलगा.

कंपनीत वीस वर्षं मी हेच करतो:
भार टाकतो, किती वाकलं ते लिहितो.
म्हणून खाली बसलो, उकिडवा,
सांधे पाहिले, खिळा आहे की खुंटी,
पायांना आडवी पट्टी आहे का,
आणि दोन्ही हातांनी कोपरा धरून तिरकं ढकललं.
टेबल वरच्या ओझ्याने क्वचितच मोडतं.
बाजूने मोडतं.
लाकडाबद्दल हे मला ठाऊक होतं.

पाच टेबलं डुलली.
सहाव्यावर गोणपाटं होती, गोणपाटांवर मांजर.
तांबटाच्या कारखान्यातलं बाकडं,
पाय बाभळीचे, माथा तीन इंची सागाचा,
आणि माथ्यावर खड्डेच खड्डे, नाण्याएवढे,
जणू कुणी वर्षानुवर्षं तिथे एकच शब्द लिहीत होतं.
ढकललं. मीच मागे सरकलो.
"पॉलिश मारून देतो," लतीफभाई म्हणाले.
नको म्हणालो.

पाथर्डी फाट्याला लिफ्ट नाही, दुसरा मजला.
दोन हमाल, मी, आणि जिन्यात अहिरराव बाई:
"गळलं तर आमच्या देवघरावर येईल हो."
म्हणून बीमच्या डोक्यावर लावलं, भिंतीला चिकटून.
पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला.
फरशी खोटी. फरशी नेहमीच थोडी खोटी असते.
कंपनीतून आणलेला रबराचा तुकडा
एका पायाखाली सरकवला, काढला, कापला, पुन्हा सरकवला,
तेव्हा कुठे बुडबुडा
दोन रेघांच्या मध्ये येऊन बसला,
रुसलेलं पोर येऊन बसतं तसा.

पाणी नळाचं, दोन रात्री उघडं ठेवलेलं.
निम्मी टाकी भरून थांबलो. एक दिवस.
पुन्हा पाणसळ. मग उरलेली.
कान लावून ऐकलं,
लाकूड एकदाच कण्हलं, बारीक,
आणि मग त्याने जे काही ठरवलं असेल ते ठरवलं.

शनिवारी निहार आला.
दप्तर उतरवलं नाही, बूट काढले नाहीत.
बाकड्याच्या खड्ड्यांवरून बोट फिरवत म्हणाला,
"बाबा, हे सेकंडहँड आहे?"
हो.
"मी टेकलो तर?"
मासे अजून पिशवीतच होते, पाण्यावर तरंगत,
दोन्ही पाण्यांची ऊब एक होईपर्यंत.

टेक, म्हणालो.
दप्तरासकट टेक.