चार अंशांवर

काचेच्या बश्यांत एकशे बारा बुरश्या वाढवल्यात मी,
विश्रामबागेतल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर,
अठ्ठावीस अंशांच्या उबेत.
हळदीच्या पानावरचा करपा.
दर नऊ दिवसांनी नव्या बशीत हलवावं लागतं,
नाहीतर असेल ते खाऊन संपवतात
आणि कडेकडेनं वाळत येतात.
उद्या नववा दिवस.
उद्यापासून संप.

आज पाचव्यांदा बसलो वाटाघाटींना.
टेबलावर भडंग होतं, कुणी हात लावला नाही.
बिरनाळे म्हणाला, साहेब, आकड्याचं मागनं बघू,
आधी पान तीन, कलम सात,
‘मानधन’ खोडा, तिथं ‘वेतन’ लिहा.
कुलसचिवांनी चष्मा काढून पुसला.
दोन हजार वाढवू म्हणाले.
मग बाहेर जाऊन फोन करून आले
आणि अडीच म्हणाले.
शब्द तेवढा राहू द्या.

म्हणजे शब्दाची किंमत निघाली एकदाची,
दरमहा अडीच हजार, माणशी.

कारण वेतन म्हटलं की रजा आली,
पद्मजा आवटीचं बाळंतपण आलं
(सातव्या महिन्यापर्यंत ती सूक्ष्मदर्शकाशी
तिरकी बसायची, पोट मध्ये यायचं म्हणून),
फंड आला, एक तारीख आली.
मानधनाला तारीख नसते.
दूरच्या पाहुण्यासारखं येतं ते,
आणि आलं नाही तर
का आला नाहीत असं विचारायचं नसतं.

संध्याकाळी फलक रंगवायला घेतले.
लाल रंग संपला, दुकानं बंद.
शमशाद मुजावर तिच्या खोलीतून
हळदीचा नमुना घेऊन आली, नोंद झालेला, जादा उरलेला,
त्यात चुन्याची निवळी ओतली
आणि पिवळ्याचं लाल झालं डोळ्यांसमोर.
सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट,
तरी सगळे वाकून बघत राहिलो.
‘वेतन’ मधला वे जरा ओघळला.
राहू दे म्हणाली, वाळला की बसेल.

नदाफमामा कायम नोकरीतले, दोन वर्षं राहिलीत.
दारात उभं राहून म्हणाले, पोरी,
तुझ्या बश्या मी हलवतो की.
आठ वर्षं बघतोय, हात जळला नाही दिव्यावर माझा एकदापण.
मी हो म्हणणार होते.
खरंच, तोंडापर्यंत आलं होतं.
मग वाटलं, काम चालूच राहिलं
तर आम्ही थांबलो हे कळणार कुणाला?
मामांना हे सांगता येईना.
चहा घेता का विचारलं.
त्यांना ते कळलं असावं, कारण
चहा न घेताच गेले, चप्पल वाजवत.

पहिल्या वर्षी नमुने आणायला हरिपूरला गेले होते.
पेव उघडलं तेव्हा त्या माणसानं
आधी कंदील सोडला दोरीनं खाली.
विझला तर खाली हवा नाही, म्हणाला, उतरायचं नाही.
आम्ही वाट बघत उभे, दहा मिनिटं,
एवढ्याशा उजेडाकडे वरून टक लावून.
परवा सभेत हात वर करताना
का कोण जाणे, मला तो दोर आठवला.

आता साडेअकरा झालेत.
एकशे बारा बश्या फ्रिजमध्ये हलवतेय, चार अंशांवर.
चार अंशांवर मरत नाहीत त्या.
वाढत नाहीत, इतकंच.
गाईड विचारतील तर लिहून ठेवलंय.
मलाही घरून विचारतात, अजून तेच चाललंय का,
सहा वर्षं झाली ना.
हो, म्हणते मी. तेच.

शेवटच्या बशीवर तारीख घातली.
इनक्युबेटरचं बटण बंद केलं,
आणि तो आवाज थांबला तेव्हा कळलं
की इतकी वर्षं एक आवाज होता इथं.

सकाळी साडेसातला गेटवर.
फलकाची काठी मगदूम आणतोय.
डबा आणायचा की नाही
हे कुणीच ठरवलेलं नाही.