जोडतिकीट

सकाळी हाडं, संध्याकाळी सेन नदी,
एकाच तिकिटात दोन्ही.

वरच्या दाराशी सोलांज पिशव्या तपासते.
माणसं येतात धापा टाकत,
बुटांवर चुन्याची धूळ.
आज एका पोराच्या खिशात दाढ निघाली.
"पडलेलीच होती," म्हणाला.

सुटी झाली की ती नवऱ्याच्या बोटीवर.
गास्पार सुकाणूला; भोंगा पाच भाषांत बोलतोय.
रुमाल काढताना हाताला लागते
दाढ. जमा करायची राहूनच गेली.

नदीत सोडावी?
छे. पोहता येत होतं की नाही, कुणास ठाऊक.
उद्या नेईन खाली.
लाखो बोळक्यांतलं हिचं कुठलं,
विचारायचं कुणाला?
मूठ मिटून बसते, गारठू नये म्हणून.

पूल येतो.
सगळे माना खाली घालतात,
उगाचच. पूल चांगला उंच आहे.