मानपत्राचा कच्चा मसुदा

सरपंच म्हणाले, गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं,
पंधरा ऑगस्टला लिंबाजी घुगेंचा सत्कार,
मानपत्र तुम्हीच लिहा.
मी 'देशसेवेचे असिधारा व्रत' इथवर आलो
आणि पेनाला टोपण लावलं.

व्रतबित त्यांना चालणार नाही.
हवालदार, सिग्नल कोअर, सतरा वर्षं.
बर्फात तारा ओढल्या, तुटल्या, परत जोडल्या.
एवढंच सांगतात, तेही विचारलं तर.
गावात आले ते पक्कड खिशात घालूनच,
आता टाकीच्या व्हॉल्व्हची चावी त्यांच्याकडं.

मंगळवारी आणि शुक्रवारी
सहाच्या एसटीनं हिंगोली.
चार तास मशीनला.
दुपारच्या गाडीनं परत, तोंड राखुंडीसारखं.
उरलेले दिवस पाण्याचे.

मे महिन्यात एका टाकीवर दोनशे दहा घरं.
त्यांच्या वहीत गल्ल्या, गल्ल्यांपुढं मिनिटं:
वरची आळी पंचवीस, मारुतीपुढची पंचवीस,
वडारवाडा तीस, तिथं चढ आहे म्हणून.
सरपंचांच्या गल्लीला पंचवीसच.
कुणी म्हणालं, हवालदार, घरी लगीन हाय, पाच मिनिटं वाढवा की.
'लगीन तुमच्या पोराचं हाय.
नळाचं कामून लावू लाले?'

आणि त्यांच्या घरी, खिडकीत,
एक लिटरची बाटली,
तिच्यावर मार्करनं मारलेल्या पाच रेघा.
पहिल्या रेघेपर्यंत सकाळच्या गोळ्या.
चहा तिसऱ्या रेघेतून वजा.
पाचवी रात्रीसाठी राखून.
दिवसाचं सगळं पाणी एवढंच, डॉक्टरांचा हिशेब.
वैशाखात बैलसुद्धा हौदातून तोंड काढत नाही
तेव्हा हा माणूस गल्लीगल्लीत पाणी सोडत हिंडतो,
घागरी भरताना बघतो,
गालात एक चिंचोका धरून.

हे मानपत्रात कसं बसवायचं?

डाव्या हाताची शीर फुगली आहे, कासऱ्याएवढी.
पोरं तिला कान लावतात.
'काका, आत मोटार चालू हाय.'
'हाय ना बाप्पा. चालू हाय तवर ऐकून घे.'
एकदा पारावर कुणी नव्हतं,
तेव्हा मीपण कान लावला. पन्नाशीचा मास्तर.
खोल बोअरचा पंप लांबून ऐकू यावा
तशी घरघर. मी लगेच बाजूला झालो.

मागल्या वर्षी छातीत पाणी झालं त्यांच्या.
ज्याला आयुष्यभर वाटलं ते उलटून आत आलं,
असं काही मी लिहिलं होतं, मग खोडलं.
बारा दिवस दवाखान्यात. चावी वडारवाड्याच्या
सुभद्राकडं, तिला त्यांनीच शिकवलेलं:
व्हॉल्व्ह झटक्यात फिरवायचा नाही, पाइप फुटतो.
नाकात नळी असताना फोन केला तिला.
ती म्हणाली, काका, तब्येत?
ते म्हणाले, वरची आळी बंद केली का?

तर पंधरा ऑगस्ट. आभाळ कोरडं.
झेंडा झाला, शाल झाली, नारळ झाला.
त्यांच्यापुढं ठेवलेली बिसलेरी त्यांनी उचलली,
किती मिलीची ते वाचलं, परत ठेवली.
पाहुण्यांचं भाषण सीमेवर पोचलं
तेव्हा हे घड्याळ बघत होते.
माझ्या कानाशी वाकले,
'गुरुजी, दहा चाळीस. वडारवाड्याची पाळी.'
'सुभद्रा सोडील की.'
'ती तिथं बसली हाय, लेझमाच्या पोरींमागं. बसू द्या. आज तिची लेक नाचू लाली.'

खांद्यावरची शाल तशीच घेऊन
ते चढाला लागले. मध्ये दोनदा थांबले.
मग माझं नाव पुकारलं.
खुर्चीवर नारळ होता.
त्यालाच मी मानपत्र वाचून दाखवलं,
शेवटी उरलेल्या चार ओळी.
तिसऱ्या ओळीला शाळेच्या नळात हवा फुसफुसली,
दोनदा खाकरली,
आणि रांगेतली पोरं बाटल्या घेऊन सुटली.
मी थांबलो. कुणी त्यांना रागावलं नाही.