परतीची तारीख

सातपूरच्या शाळेत जिन्याखाली
लोखंडी कपाट होतं, कडी मोडलेलं.
कुंडूबाई त्याला लायब्ररी म्हणायच्या.
आम्ही बाईंना कुंडी.

त्यांच्या तोंडात 'व' टिकत नसे.
"बाच रे. मोठ्यानं बाच,"
की मागच्या बाकावर हशा.
बाई चष्मा पुसत थांबायच्या,
आमचं हसू संपेपर्यंत.

कार्डावरची तारीख मात्र त्यांच्या लिपीत,
आणि बंगाली चार दिसतो
हुबेहूब इंग्रजी आठासारखा.
म्हणून चार तारखेचं पुस्तक
आम्ही आठला न्यायचो, वर शिरजोरी:
"तुम्हीच लिहिलंय की, बाई!"
त्या कार्ड डोळ्यांजवळ धरायच्या,
'हं' म्हणायच्या,
आणि पुढच्या खेपेला पुन्हा
तसाच चार काढायच्या.

मग मी कंपनीत लागलो. प्रेस शॉप, तिसरी पाळी.
शेजारच्या मशीनवर मालद्याचा तपन.
एका रात्री त्याचा हात
डाय खाली येता येता निघाला.
"वाचलास!" मी ओरडलो.
बराच वेळ त्याला बोलता येईना.
मग चहा सांडत म्हणाला,
"आमच्यात पण तसंच. बाँच म्हणजे जग."

सकाळी त्र्यंबक रोडनं सायकल हातात धरून
चालतच घरी आलो.
जिन्याखाली आता पाण्याची मोटर आहे.
बाई कुठं आहेत, कुणाला ठाऊक नाही.

ट्रंकेत एक पुस्तक निघालं,
निम्म्यावर पान दुमडलेलं.
कार्डावर चार. किंवा आठ.
उंबऱ्यात बसलो,
पहिल्या पानापासून,
मोठ्यानं.