असोग्याला जायचं होतं

असोग्याला जायचं होतं.
टेम्पोवाल्या भैरूला शुक्रवारीच सांगून ठेवलेलं,
मिस्सा आटपून सरळ मलप्रभेकाठी,
दगडावर चादर, फांदीला झोपाळा,
आणि चाळीस दिवसांनी मसाल्याचा वास.

पण रात्री देवळात मोठी मेणबत्ती पेटली
आणि जांबोटीच्या अंगानं गुरगुरलं.
फादर कानडीत वाचत होते,
आम्ही मराठीत उत्तर देत होतो,
पत्र्यावर गारा आल्या तशी
दोन्हीतलं काहीच ऐकू येईना.

सकाळी भैरूचा फोन.
"बाई, रस्त्यात चिंच आडवी पडलीय. आता कसं?"
"कसं काय? जेवायला ये की," म्हटलं.

पोरांची तोंडं बघवेनात.
इनासच्या धाकटीनं उन्हाची टोपी
डोक्यावरनं काढायलाच नकार दिला.
मग मी सोफा पडवीत ढकलला,
टीपॉय उलटा केला, चार पाय वर. हे झाड.
ट्रंकेतनं सासूबाईंची निळी इरकल काढली
आणि दारापासून चुलीच्या खोलीपर्यंत पसरली.
डांबरगोळ्यांचा वास येणारी मलप्रभा,
टोपपदराकडं जरा तांबडं पाणी.

"पलीकडं काय हाय?"
"सान्ना, सोरपोतेल, बिटात रंगवलेली अंडी."
"आणि अलीकडं?"
"हात न धुतलेली माणसं."

कायतान छत्री उघडून जेवायला बसला,
कारण त्याच्या टाळूवरच कौल फुटलेलं.
खानापूरचं कौल, खानापूरचाच पाऊस,
घरातलं भांडण, कुणी मधे पडायचं?
पातेलं लावलं. ते टिपटिपत राहिलं
आणि रेजिनानं त्याच ठेक्यावर कांदा कापला.

शेजारची नीलव्वा आली तेव्हा
डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ,
पदराखाली शेंगाहोळगीचा डबा.
उंबऱ्यात पाय ठेवणार तोच पोरं ओरडली,
"आजी, नदी हाय! नदी!"

तिनं खाली बघितलं.
चपला हातात घेतल्या, लुगडं पोटरीपर्यंत उचललं
आणि उतरली.
"अब्बब्ब, नीर तंप ऐति," म्हणाली, शहारलीसुद्धा.
पोरं खिदळली.
मग मधेच ती थांबली,
पाय घट्ट रोवून,
ओढीच्या पाण्यात माणूस थांबतं तशी,
डबा डोक्याच्या वर धरून.
कुणीच हसलं नाही.
कधी, कुठली नदी, मी विचारलं नाही.
भैरूनं पलीकडनं हात दिला, ती चढली.

नीलव्वा अंडं खात नाही.
पण कांद्याच्या सालीनं आलेला तो रंग
बराच वेळ न्याहाळत राहिली,
एक गरम अंडं दोन्ही तळव्यांत धरून.
"लपवायचं काम माझं," म्हणाली.
आम्ही सगळ्यांनी भिंतीकडं तोंड केलं.
कायताननंसुद्धा. छत्रीसकट.

सतरा लपवली.
पिठाच्या डब्यात, इस्त्रीच्या कपड्यांत,
भैरूच्या ओल्या बुटात एक.
सांत अंतोनीच्या मूर्तीमागं पोरांनी आधीच बघितलं,
हरवलेलं शोधून देणारा तोच म्हणून.
तिथं दोन होती.
सोळा सापडली.

सतरावं कुठं, तर नीलव्वालाच आठवेना.
उलट्या टीपॉयला धरून ती हसत बसली,
हसता हसता डोळे पुसले,
आणि कुंद्याची दुसरी वाटी मागितली.

चारला पाऊस थांबला.
पोरं एका दमात अंगणातल्या खऱ्या डबक्यात,
टोपी अजून डोक्यावर.
घरात तिची आणि माझी नदी उरली.
तिनं एक टोक धरलं, मी दुसरं,
मधल्या भागावर चिखलाचं एक पाऊल होतं.
जवळ येत, लांब जात घडी घातली,
पाऊल आत ठेवून.

आज बुधवार.
रोज सकाळी मी कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसते.
अजून तरी काही नाही.
अंतोनीला सांगितलंय,
घाई नाही.