तीन दातांचं दाताळं

आडनाव शोधायला निघालो
तेव्हा बॉयलर दुरुस्तीचं दुकान नुकतंच विकलं होतं
आणि हातांना काही सुचत नव्हतं.

पहिली वही स्टोनी नेकच्या तळघरात.
सोळाशे एक्केचाळीस. ओल धरलेली, कडा उंदरांनी वाचलेल्या.
एझ्रा पेन्ड्रेल, एक गाय, दलदलीतली सहा एकर,
प्रार्थनेत घोरल्याबद्दल दंड पाच शिलिंग.
मी मोठ्यानं हसलो.
आमच्या घरात अजून तेच चालतं.

पुढे नदीच्या उगमाकडे जावं तसं नाव झिजत जातं.
वेस्ट हॅडलोत तो पँड्रिल,
गिरणीच्या करारात पेंडल,
आणि मक्याच्या जमिनीच्या खरेदीखतात,
जिथे जमीन ज्यांची होती त्यांची नावं
कारकुनानं धड ऐकलीसुद्धा नाहीत,
तिथे नुसता पेन.
लिहिणाऱ्याच्या कानात शिरलं तेवढं आडनाव.

पण खाली, सहीच्या जागी, दर वेळी तेच:
एक आडवी रेघ, तिला तीन दात.
दाताळं. गवत ओढायचं.
मग मी नावाचा नाद सोडला
आणि दाताळ्यामागे चालू लागलो.

सोळाशे चौऱ्याहत्तर. एझ्रा नाही.
त्याच्या मागे राहिलेल्याची यादी आहे:
कढई, पिसांची गादी, दांडा नसलेली कुऱ्हाड,
चार पोती राय.
यादी खरी असल्याचं सांगणारी, विधवा डिझायर.
माहेरचं नाव नाही.
तिच्या नावाखाली तेच दाताळं.

पण रेघ ठाम. दात मोजून मापून.

एझ्राच्या सह्या पुन्हा काढल्या, दिव्याखाली धरल्या.
थरथरत्या. एकात तर चौथा दात सुरू करून खोडलेला.
कुणाचं तरी बघून काढल्यासारख्या.
म्हणजे कित्ता तिचा.
तो आयुष्यभर गिरवत होता.

बहीण विनिफ्रेडचा फोन आला, सापडलं का काही?
आपण मूळचे कुठले?
म्हटलं, अगं, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.
डिझायर कुठली, हे कुठल्याच वहीत नाही.

पाच वाजता तळघराची बाई दिवे मालवू लागली.
जाण्याआधी नोंदवहीत नाव लिहिलं.
तिनं वाकून पाहिलं, म्हणाली, दोनच एल ना?
म्हटलं, असतील.