उलांडी

तारामुंबरीच्या पुळणीवर तिसऱ्या दिवशी
नुसती उलांडी लागली.
होडी नाही. विश्राम कोयंडे नाही.

पंचनाम्यात लिहिलं: लाकूड, एक नग.
काथ्याची दोरी, गाठ शाबूत.

गाठ भावाचीच. माझ्या पोराच्या पाळण्याला
त्यानेच मारली होती तशी.
दोरीचं दुसरं टोक सुरीने कापल्यासारखं सरळ,
ते कोणी लिहिलं नाही.

खडपावर तोफांचा सराव सुरू झाला तेव्हा
पाकोळ्यांची अंडी ओंजळीत घेऊन
तो कचेरीत उभा राहिला होता:
"खडप कोणाचाच नाय,
म्हणान ता आमचा."
मग एका रात्री, वारा पडलेला असताना,
तिथेच जाऊन बसायला निघाला.

साहेबाने विचारलं, पोहता येत होतं का?
आम्ही सगळे हसलो.
हसू संपल्यावर कोणाला कुठे बघावं कळेना.

मतदारयादीत नाव अजून आहे.
वहिनी मासळीच्या पाटीत एक बांगडा बाजूला ठेवते,
विचारलं तर म्हणते, मांजराला.
मंगळवारी खडपावर धूर उठतो.

उलांडी माझ्या माळ्यावर.
खारं वारं आत आलं की काथ्या फुगतो,
गाठ आणखी आवळते.